नवी नावे आणि नावामागचे मन

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या चिटणीसांनी मला चार शब्द बोलण्याची आज्ञा केली आणि विषयाची निवड मात्र माझ्यावरच सोपविली. मी पडलो प्राथमिक शिक्षक. या जिल्ह्यातील निरनिराळ्या शाळांतून मी 36 वर्षे हजेरी घेतली. दुसऱ्यांची नावे पुकारण्यात ज्याचा जन्म गेला, त्याने नावांविषयीच बोलावे हे बरे, असे मनाशी ठरवून आलो आहे.

विषय सुचण्याचे निमित्त मात्र आजच सकाळी घडले. मंडपाच्या दाराशी बालगोपाळांच्या स्पर्धांसाठी नावनोंदणी चालली होती. विहान, अद्विक, रेयांश, कियारा, मायरा अशी नावे एकामागून एक कागदावर उतरत होती. माझ्या शेजारी उभे असलेले एक वृद्ध गृहस्थ हलकेच म्हणाले, "गुरुजी, ही नावं माणसांची म्हणायची का औषधाच्या गोळ्यांची?" मी हसलो, आजूबाजूची मंडळीही हसली. परंतु जागेवर येऊन बसल्यावर मनात आले की, आपण हसलो खरे, पण ते हसणे न्यायाचे होते काय? त्या प्रश्नाचा विचार आपल्यासमोर मांडावा, एवढाच माझा हेतू आहे.

प्रथम आपण आपल्या वाडवडिलांच्या नावांकडे पाहू. आपल्या भागात देवाधर्माची नावे अमाप. परळीच्या वैजनाथावरून वैजनाथ, कपिलधारच्या मन्मथस्वामींवरून मन्मथ, अंबाजोगाईच्या योगेश्वरीवरून योगेश्वरी, आणि पंढरीच्या वाटेवरचा मुलूख म्हणून पांडुरंग, ज्ञानोबा, तुकाराम. एखाद्या दर्ग्याला नवस बोलून झालेले मूल पिराजी किंवा फकिरा होई, आणि त्यात कोणास वावगे वाटत नसे. मुलींत गया, प्रयाग, चंद्रभागा, गोदावरी. ज्या तीर्थास जाणे आयुष्यात घडण्याची खात्री नव्हती, ते तीर्थ लेकीच्या रूपाने घरी आणले जाई.

परंतु याच वाडवडिलांनी दुसऱ्याही प्रकारची नावे ठेवली. दगडू, धोंडीराम, केरबा, भिकाजी, उकंडा, नथू. एकामागून एक मुले दगावत, तेव्हा पुढचे मूल तरी काळाच्या नजरेस पडू नये म्हणून त्यास दगड म्हणावे, केरकचरा म्हणावे, उकिरड्यावरचा म्हणावे, भीक मागून आणलेला म्हणावे, मुलाचे नाक टोचून त्यास मुलगी भासवावे. ज्या आईने पोटच्या गोळ्यास 'केर' म्हटले, तिच्या काळजाची कल्पना करून पाहा. ती नावे कुरूप होती, पण त्यांच्या पाठीमागे मायाच होती. देवीची लस, दवाखाना आणि स्वच्छ पाणी आले, मुले जगू लागली, आणि ही नावे आपोआप मागे पडली. तेव्हा 'जुनी नावे किती छान होती' असे म्हणताना, त्यांतली कित्येक भीतीपोटी ठेवलेली होती, हेही आपण ध्यानात ठेवले पाहिजे.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात नामकरणाचे नियम आहेत. ब्राह्मणाचे नाव मंगल, क्षत्रियाचे बलदर्शक, वैश्याचे धनदर्शक असावे, आणि शूद्राचे नाव जुगुप्सित, म्हणजे तिरस्कार दर्शविणारे असावे, असे तेथे सांगितले आहे. पोथी आपल्या घरांत कोणी वाचली नसेल, परंतु रीत पोथीवाचून चालतच होती. चांगले 'नामदेव' असे नाव असले, तरी वाड्यावरून हाक येई ती 'नाम्या' अशीच. ज्यांच्या आजोबांना हयातभर अर्ध्या नावाने हाक मारली गेली, त्यांच्या नातवाने पूर्ण, झळझळीत आणि कोणी मोडून घेऊ शकणार नाही असे नाव धारण केले, तर त्यात हसण्यासारखे काय आहे?

नाव बदलणे ही माणूस म्हणून ताठ उभे राहण्याची खूण असते, याचे थोर उदाहरण आपल्याच मराठवाड्यात आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1950 साली औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, महाविद्यालय काढले. पुढे त्यास मिलिंद हे नाव लाभले. मिलिंद म्हणजे मिनँडर नावाचा यवन राजा. त्याचे पाली ग्रंथांतील हे रूप. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूर येथे धम्मदीक्षा झाली, आणि त्यानंतर मिलिंद, सिद्धार्थ, गौतम, प्रज्ञा, करुणा ही नावे वस्त्यावस्त्यांतून ऐकू येऊ लागली. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या हिणकस नावे मिळाली, त्यांनी आपल्या लेकरांसाठी राजांची आणि सद्गुणांची नावे निवडली. आज मिलिंद हे नाव मूळचे ग्रीक, हे कोणाच्या ध्यानीमनीही येत नाही, इतके ते मराठी झाले आहे.

म्हणजे जे नाव आज जुने वाटते, तेही एके काळी नवेच होते. 'अशोक' हे नाव घ्या. माझ्या प्रत्येक वर्गात दोन तरी अशोक असत. माझ्या आजोबांच्या पिढीत मात्र तो शोधून सापडला नसता. अशोक राजा लोकांच्या स्मरणातून जवळजवळ नाहीसा झाला होता. 1837 च्या सुमारास जेम्स प्रिन्सेप याने ब्राह्मी लेखांचे वाचन केले, आणि 1915 साली रायचूर जिल्ह्यातील मस्की येथे राजाचे 'अशोक' हे नाव असलेला शिलालेख सापडला. मस्की त्या वेळी निजामाच्या राज्यात होती, आणि आपला बीड जिल्हाही त्याच राज्यात. शिलालेखातून पाठ्यपुस्तकात आणि पाठ्यपुस्तकातून पाळण्यात, असा त्या नावाचा प्रवास झाला.

रंगभूमीनेही हेच कार्य केले. देवलांच्या नाटकातील शारदा, खाडिलकरांच्या 'मानापमाना'तील भामिनी, गडकऱ्यांच्या 'एकच प्याल्या'तील सिंधू आणि सुधाकर ही नावे नाटकमंडळ्यांबरोबर गावोगाव हिंडली. पुढे कादंबऱ्या आल्या, चित्रपट आले, दूरदर्शन आले. आज 'कियारा' नावाच्या मुली दिसतात. 2010 साली एका हिंदी चित्रपटातील नायिकेचे ते नाव होते. पुढे एका अभिनेत्रीने, मूळचे नाव आलिया असताना, त्या चित्रपटावरून तेच आपले म्हणून घेतले. इटालियन भाषेत त्याच्याशी जुळणाऱ्या नावाचा अर्थ 'स्वच्छ, तेजस्वी' असा आहे. सिंधू नाटकातून आली आणि कियारा सिनेमातून आली. दोघींची वाट एकच.

नावांच्या शेपटांचीही अशीच गंमत आहे. आपल्या पणजोबांच्या काळी 'जी' आणि 'बा' होते, पुढे 'राव' आले. मग 'कुमार' आला. त्यानंतर रमेश, सुरेश, दिनेश, नीलेश, शैलेश असा 'ईश' चा सुकाळ झाला. आता देवांश, शिवांश, रुद्रांश असा 'अंश' चा काळ आहे. आपण ईश्वर होतो, आपली नातवंडे त्याच्या अंशावर समाधानी आहेत. त्यांचा विनय अधिकच म्हणावयाचा!

आता ही नवी नावे घडतात कशी, ते थोडक्यात पाहू. पहिले कारण कुटुंबाचे. पूर्वी घरात सात-आठ लेकरे असत, नातवास आजोबांचे नाव ठेवीत. सासऱ्याचे नाव सुनेने घ्यावयाचे नाही, म्हणून त्या नातवाला ती 'आप्पा' नाही तर 'बापू' म्हणे. आज घरात एक किंवा दोनच अपत्ये. जे एकच आहे, त्याचे नावही एकमेव असावे, असे आईबापांस वाटते.

दुसरे कारण पत्रिकेचे. सत्तावीस नक्षत्रांचे प्रत्येकी चार चरण, म्हणून एकशेआठ अक्षरे. पूर्वी त्या अक्षरावरचे नाव निराळे, बहुधा गुप्त ठेवीत आणि हाक मारण्याचे नाव आपल्या आवडीने निवडीत. आता कित्येक घरांत व्यवहारातले नावही त्याच अक्षरावरून हवे असते. परंतु या अक्षरांत आर्द्रेचा 'ङ', हस्ताचा 'ण' आणि उत्तराभाद्रपदेचा 'ञ' हेही आहेत. या अक्षरांवरून नाव काढावयाचे म्हटल्यास ते बनवावेच लागणार, कारण भाषेत तसे शब्दच नाहीत!

तिसरा प्रकार आईबापांच्या नावांची अक्षरे जुळवून नवे नाव बांधण्याचा. यासही कोणी आजचे खूळ म्हणू नये. आयरिश लेखक जोनाथन स्विफ्ट याने एस्थर व्हॅनहॉम्री या आपल्या स्नेहातील स्त्रीच्या आडनावाचा आणि नावाचा आरंभ जोडून 'व्हॅनेसा' हे नाव बनविले, आणि अठराव्या शतकातील ते बनावट नाव आज जगभर खरे होऊन बसले आहे. आपल्याकडे 1933 साली शांतिनिकेतनात जन्मलेल्या एका बालकास रवींद्रनाथांनी 'अमर्त्य' हे क्वचितच कानी पडणारे नाव दिले. तो बालक म्हणजे पुढे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळविणारे अमर्त्य सेन. तात्पर्य, नाव नवे घडविणे हा दोष नव्हे. ते विचाराने घडविले की नाही, एवढाच प्रश्न आहे.

येथे मात्र आमच्या तरुण मंडळींना दोन शब्द ऐकविल्यावाचून मी राहणार नाही. नावांच्या पुस्तकांत आणि भ्रमणध्वनीवर जे अर्थ दिलेले असतात, ते सर्व खरे मानू नका. 'आरव' या नावाचा अर्थ 'शांत' असा सर्रास छापतात. संस्कृतात 'आरव' म्हणजे आवाज, गलका. घरातील तान्ह्या आरवाचा अनुभव पाहता संस्कृत अर्थच अधिक खरा ठरावा! 'रेयांश' याचा अर्थ 'सूर्यकिरणाचा अंश' असा सांगतात. त्यातील 'रे' हा इंग्रजी किरण आहे. 'मायरा' म्हणजे काय, ते आपल्या बाजारपेठेतील मारवाडी शेजाऱ्यांस विचारा. भाचरांच्या लग्नात मामाने वाजतगाजत नेलेला आहेर, त्यास मायरा म्हणतात. अर्थ वाईट नाही, परंतु तो ठाऊक असावा. ज्या मुलास उद्या कोणी विचारील, 'बाळ, तुझ्या नावाचा अर्थ काय?' त्यास खरे उत्तर देता आले पाहिजे.

एवढ्यावर माझे व्याख्यान संपले असते तर ते केवळ करमणुकीचे झाले असते. परंतु ज्या गोष्टीसाठी मी उभा राहिलो, ती आता सांगतो. ती माझ्या स्वतःच्या चुकीची आहे.

मी नोकरीस लागून चारच वर्षे झाली होती. 1978 चा जून महिना. एक शेतकरी आपल्या मुलीस घेऊन शाळेत आला. तिच्या आधी तीन मुली. मी रजिस्टर उघडून नाव विचारले. तो म्हणाला, "नकुसा लिव्हा, गुरुजी. तेच नाव हाय तिचं." माझ्या हातात लेखणी होती. दुसरे काही सुचवितो, तर त्याने नाही म्हटले नसते. त्या काळी जन्मतारखासुद्धा आम्हीच ठरवीत होतो, आणि जिल्ह्यातील निम्मी मुले 1 जूनला जन्मली होती! परंतु मी काही न बोलता 'नकुसा' असे लिहिले आणि पुढच्या पालकास हाक मारली.

ती मुलगी हुशार होती. तिची एक सवय मला मोठी विचित्र वाटे. हजेरी घेताना तिच्या आधीचे नाव पुकारून होते न होते, तोच ती 'हजर' म्हणून मोकळी होई. मी रागावत असे. 'नाव घेईपर्यंत थांबता येत नाही काय?' असे म्हणून मी तिचे नाव पुन्हा मोठ्याने पुकारीत असे. ते नाव वर्गात उच्चारलेच जाऊ नये म्हणून ते लेकरू धडपडत होते, हे माझ्यासारख्या शिकल्यासवरल्या माणसाच्या ध्यानात आले नाही. चार वर्षे दररोज सकाळी मी त्या मुलीस, तू कोणास नको आहेस, असे सर्वांदेखत सांगत होतो.

बंधूंनो, दगडू आणि नकुसा ही दोन्ही नावे ओबडधोबड आहेत, पण ती एका जातीची नव्हेत. दगडू म्हणजे 'हा राहू दे' अशी काळाला केलेली विनवणी. नकुसा म्हणजे 'ही नको होती' अशी तक्रार. एका नावात भीती आहे आणि दुसऱ्यात नकार आहे.

ही रीत एका गावाची किंवा एका जिल्ह्याची नव्हती. 2011 साली सातारा जिल्ह्यात 'नकुसा', 'नकोशी' अशा नावांच्या मुली शोधून काढण्यात आल्या, आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरात समारंभपूर्वक 285 मुलींची नावे बदलण्यात आली. कोणी देवीचे नाव घेतले, कोणी सिनेतारकेचे. त्या मुलींनी सिनेतारकेचे नाव निवडले म्हणून हसण्याची कोणाची छाती आहे?

आणि त्याच 2011 सालच्या जनगणनेत आपल्या बीड जिल्ह्याविषयी काय दिसले? सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे केवळ 807 मुली. 2001 साली हाच आकडा 894 होता. सबंध महाराष्ट्रात सर्वांत खाली आपला जिल्हा. गर्भलिंगनिदानास बंदी करणारा कायदा 1994 साली झालेला असताना हे घडले. पूर्वी नको असलेली मुलगी जन्मास तरी येत होती. तिला नाव तरी, मग ते नकुसा का असेना, मिळत होते. या हजारामागे कमी पडलेल्या मुलींना बारसेही नाही आणि नावही नाही. जुने वाईट नाव गेले म्हणून समाज सुधारला, असे समजून आपण निर्धास्त झालो, तर ती स्वतःची फसवणूक होईल.

आता त्या मुलीची पुढची हकीकत. 2001 च्या जून महिन्यात, मी दुसऱ्या गावी मुख्याध्यापक असताना, एक बाई आपल्या मुलीस घेऊन आल्या. मी ओळखले नाही. त्यांनीच वाकून नमस्कार केला आणि ओळख दिली. मुलीचे नाव विचारले, तर म्हणाल्या, "हविशा." माझ्यातला मास्तर जागा झाला. मी म्हटले, "बाई, हे कुठलं नाव काढलंस? संस्कृतात हविस् म्हणजे यज्ञात टाकायची आहुती. त्यापेक्षा एखादं चांगलं सुचवू का?" त्या शांतपणे म्हणाल्या, "गुरुजी, पुस्तकातलं मला ठाऊक नाही. मी नकोशी होते. ही मला हवीशी झाली. म्हणून हविशा."

मी लेखणी उचलली आणि नीट, सावकाश, सुवाच्य अक्षरांत ते नाव लिहिले. माझ्या सबंध नोकरीत मी ऐकलेले सर्वांत अर्थपूर्ण नाव ते होय. ते पुस्तकात नव्हते. एका आईने ते स्वतः घडविले होते.

म्हणून नव्या नावांविषयी माझे म्हणणे इतकेच आहे. नाव जुने की नवे, हा प्रश्न दुय्यम होय. ते लेकरू हवे आहे, असे त्या नावातून त्यास ऐकू येते की नाही, हे पाहावे. माझ्या वयाच्या मंडळींनी नव्या नावांची थट्टा सोडून ती नीट उच्चारण्यास शिकावे. आणि तरुण आईबापांनी नाव ठरविताना ते एकदा घरातील आजीच्या तोंडून वदवून घ्यावे. आजीस जे प्रेमाने हाक मारता येत नाही, त्याचा लेकरास काय उपयोग?

दुसरी विनंती व्यवहाराची आहे. आपल्या समाजातील पुष्कळ कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस परमुलखी जातात, आणि कारखान्याच्या फडावर, कोपीत बाळंतपणे होतात. जन्माची नोंद जेथे जन्म झाला तेथेच, 21 दिवसांच्या आत करावी लागते, हे विसरू नका. नोंदीत बाळाचे नाव 12 महिन्यांच्या आत घातल्यास शुल्क पडत नाही. 1 ऑक्टोबर 2023 पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर तर शाळाप्रवेशापासून पुढील कित्येक कामांस जन्मदाखलाच मुख्य आधार झाला आहे. नाव कितीही सुंदर असो, दाखल्यावर एक आणि शाळेत दुसरे असे झाले, तर ते लेकरू कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवीत राहील. महाराष्ट्र शासनाच्या निर्णयाप्रमाणे 1 मे 2024 रोजी व त्यानंतर जन्मलेल्या बालकांच्या नावापुढे प्रथम आईचे नाव आणि मग वडिलांचे नाव लिहावयाचे आहे. जिचे स्वतःचे नाव एके काळी लग्नात नवऱ्याच्या मर्जीने बदलले जाई, त्या आईचे नाव आता लेकराच्या नावास चिकटून राहणार आहे. यमुनेची आनंदी झालेल्या डॉ. आनंदीबाई जोशींच्या मुलखात ही गोष्ट लहान नव्हे.

तिसरी आणि शेवटची विनंती मंडळास आहे. आपल्या स्मरणिकेत दरवर्षी गुणवंत विद्यार्थ्यांची यादी छापली जाते, उपवर वधूवरांची छापली जाते, देणगीदारांची तर छापलीच पाहिजे. त्यांच्या शेजारी आणखी एक पान असावे. वर्षभरात आपल्या समाजात जन्मलेल्या मुलींची नावे त्या पानावर, आईवडिलांच्या नावांसह, ठळक अक्षरांत छापावीत. नावे रेयांशच्या बहिणीला शोभतील अशी नवी असोत की गोदावरी, चंद्रभागा अशी जुनी असोत. ते पान दरवर्षी भरत गेलेले पाहण्याचे भाग्य मला लाभावे.

 उद्या शाळेच्या हजेरीत प्रत्येक मुलगी आपले पूर्ण नाव पुकारले जाईपर्यंत निर्धास्तपणे थांबो आणि मग मोठ्याने 'हजर' म्हणो, अशी परमेश्वराजवळ प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.